हाउलंडचा सासरा कोण?

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेत प्लिमथला जाऊन वसलेल्या शंभरएक इंग्रज प्रवाशांत जॉन हाउलंड नावाचा एक तरुण होता. वाटेत वादळात तो समुद्रात पडला, पण जहाजाचा लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे त्याला दहा मुले झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पिता-पुत्र हे अमेरिकेचे अध्यक्ष त्याच्याच वंशातले. एवढ्या नामांकित घराण्यात एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे दिले जात होते: हाउलंडची बायको एलिझाबेथ कोणाची मुलगी?

घरात सांगितले जाई की ती वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची लेक. हाउलंड कार्व्हरच्याच पदरी नोकरीला होता; धन्याची मुलगी हुशार नोकराला दिली, ही गोष्ट पटण्यासारखी होती आणि वंशजांना मानवणारीही. शिवाय गव्हर्नर आजोबा कोणाला नको असतात? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका वंशजाने प्लिमथच्या बेरियल हिलवर हाउलंडच्या नावाचा दगड बसवला, त्यावरही हेच कोरले. दगडावर कोरलेले सहसा कोणी तपासत नाही.

त्या काळी वसाहतीचा सर्वांत मोलाचा कागद बेपत्ता होता. दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने स्वतःच्या हाताने लिहिलेला वसाहतीचा इतिहास अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बॉस्टनमधून नाहीसा झाला होता. १८५५ मध्ये तो लंडनच्या बिशपच्या फुलम इथल्या ग्रंथसंग्रहात असल्याचे लक्षात आले आणि १८५६ मध्ये तो छापला गेला. हस्तलिखिताच्या शेवटी प्रवाशांची कुटुंबवार यादी आहे. तीत कार्व्हरच्या कुटुंबात तो, त्याची बायको, नोकरमाणसे आणि सांभाळायला दिलेली मुले एवढीच नावे आहेत, मुलगी नाही. थोडे पुढे जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ यांची नोंद येते. १६५० च्या सुमारास, कोणाचे पुढे काय झाले हे लिहिताना, ब्रॅडफर्डने स्पष्टच म्हटले आहे की कार्व्हरचा नोकर हाउलंड याने टिलीच्या मुलीशी लग्न केले, दोघे हयात आहेत आणि त्यांना दहा मुले आहेत.

ब्रॅडफर्ड या जोडप्याला तीसेक वर्षे ओळखत होता, त्यामुळे त्याच्या साक्षीपुढे दगडाची साक्ष टिकत नाही. इंग्लंडमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत एलिझाबेथ टिलीच्या बाप्तिस्म्याची १६०७ ची नोंदही सापडते. दंतकथेचे मूळही बहुधा यातच आहे. पहिल्याच हिवाळ्यात एलिझाबेथचे आईवडील वारले. पोरकी मुलगी कार्व्हरच्या घरी राहिली असावी, आणि पुढच्या पिढ्यांनी तिला त्या घरची लेक करून टाकले.

हाउलंडच्या मृत्युपत्राचा घोळ वेगळ्या जातीचा आहे. त्यावर २९ मे १६७२ ही तारीख आहे, आणि ते न्यायालयापुढे आले मार्च १६७२ मध्ये! म्हणजे लिहिण्याआधीच ते सादर झाले की काय? त्या काळी इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तो मार्च आजच्या हिशेबाने १६७३ चा ठरतो. हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारीचा. जुन्या वह्यांत साल १६७२ आणि नव्या पुस्तकांत १६७३ दिसते, ते याच कारणाने, आणि दोन्ही बरोबर आहेत.

वयाचे कोडे मात्र एवढ्या सहज सुटत नाही. प्लिमथच्या नोंदीत मरताना त्याचे वय ऐंशीच्या पुढे दिले आहे, म्हणजे जन्म १५९२ च्या आसपासचा. पण जहाजावर तो दुसऱ्याच्या पदरी असलेला, ब्रॅडफर्डच्या शब्दांत धट्टाकट्टा तरुण होता. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला हे वर्णन नीट बसत नाही, म्हणून अनेक अभ्यासक त्याचा जन्म १५९९ च्या सुमारास धरतात. म्हाताऱ्यांची वये वाढवून सांगण्याची पद्धत तेव्हाही होतीच.