फवारणीत विषबाधा झाली तर कागद कुठून कुठं जातो? बातमी, कोर्ट आणि कचेरी यांचं काम कसं चालतं

नेर : पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की तालुक्यात फवारणीची घाई सुरू होते. पंप पाठीवर, औषध बादलीत कालवलेलं, तोंडाला फार तर दुपट्टा. संध्याकाळी कुणाला मळमळ होते, कुणाच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. बहुतेक जण रात्री घरीच पडून राहतात आणि सकाळी पुन्हा वावरात जातात. पण ज्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्याच्या नावाचा एक कागद त्याच रात्री सुरू होतो. पुढं मदत मिळणार की नाही, दुकानदाराला किंवा कंपनीला कुणी जाब विचारणार की नाही, हे बरंचसं त्या कागदावर ठरतं.

हे कसं ठरतं ते पाहायला लांब जायची गरज नाही. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात हे सगळं घडलं.

त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली होती आणि पीकही उंच वाढलं होतं. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून फवारणी केली की औषध अंगावरच येतं. जुलै-ऑगस्टपासून रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात यायला लागले. हंगाम संपेपर्यंत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांवर उपचार झाले. काहींची नजर बरेच दिवस अधू राहिली.

तरी राज्यभर बोभाटा व्हायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात रुग्ण नव्हते असं नाही. दवाखान्यात केसपेपर होते. विषबाधेचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात, तीही नोंद होती. दुकानांचे परवाने आणि विक्रीचा हिशेब कृषी विभागाकडं होता. म्हणजे माहिती तीन ठिकाणी होती, पण ही रजिस्टरं आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा. त्याच्या कलम २६ प्रमाणं फवारणीतून झालेली प्रत्येक विषबाधा ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवायची सक्ती राज्य सरकार करू शकतं. कलम पुस्तकात आहे, पण ते अंमलात आणायला कुणीतरी मागं लागावं लागतं.

बातमीनं काय केलं

मागं लागली ती बातमी. वर्तमानपत्रांनी आणि चॅनेलवाल्यांनी वॉर्डातल्या खाटा दाखवल्या, रोजचा आकडा छापला. आकडा छापून आला की मंत्रालयातून फोन येतो, आणि फोन आला की रजिस्टरं एका टेबलावर येतात. सरकारनं अमरावतीचे तत्कालीन विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक, म्हणजे एसआयटी नेमली. मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाखांची मदत जाहीर झाली.

बातमीची ताकद एवढीच, आणि तिची मर्यादाही तिथंच. ती आकड्यावर आणि फोटोवर चालते. कापूस वेचणीला आला, वॉर्ड रिकामे झाले, की कॅमेरे दुसरीकडं जातात. जो माणूस डिसेंबरात दगावला किंवा ज्याचे हात अजून थरथरतात, त्याची बातमी होत नाही. पुढच्या वर्षी एखाद्या गावात दोनच माणसं आजारी पडली तर तीही जिल्हा पानाच्या कोपऱ्यात जाते.

कोर्टानं काय केलं

हा विषय जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेला. कोर्टात गेलं म्हणजे न्यायाधीश गावात येऊन चौकशी करतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. कोर्ट सरकारला नोटीस काढतं, तारीख देतं आणि म्हणतं, काय केलं ते शपथपत्रावर सांगा. शपथपत्रावर खोटं लिहिणं अधिकाऱ्याला अंगलट येऊ शकतं, म्हणून जी माहिती मोर्चाला मिळत नाही ती कोर्टात मिळते. पण कोर्टापुढं येतो तोही कागदच. केसपेपरवर औषधाचं नाव नसेल, तर कोर्ट ते नाव कुठून आणणार?

दुसरी अडचण अधिकाराची. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यानं यवतमाळसह पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससारख्या पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली, ती फक्त ६० दिवसांची. 'कायमची का नाही?' असं तेव्हा गावोगाव लोक विचारत होते. कारण कायद्याच्या कलम २७ मध्ये राज्याला तेवढीच मुभा आहे. ६० दिवस, आणि तपास अपुरा असेल तर आणखी ३०. औषधाची नोंदणी कायमची रद्द करणं दिल्लीच्या हातात. दिल्लीनं २०२० साली २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, पण पुढं बरीचशी नावं गळाली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचा निर्णय व्हायला २०२३ उजाडलं, आणि तेव्हाही विकायला वर्षभराची मुदत दिली गेली. यवतमाळच्या वॉर्डापासून मोजलं तर सहा वर्षं.

हे फक्त आपल्याकडंच असं आहे का? नाही. अमेरिकेत १९६२ साली रेचल कार्सन यांनी डीडीटीसारख्या फवारणीच्या औषधांवर लिहिलं, ते आधी साप्ताहिकात आलं आणि मग पुस्तक झालं. देशभर गहजब झाला. १९७० मध्ये ईपीए हे पर्यावरणाचं सरकारी खातं स्थापन झालं. त्या खात्यालाही डीडीटीवर कारवाई करायला आधी कोर्टानं ढकलावं लागलं, तेव्हा कुठं १९७२ ला बंदी आली. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या क्लोरपायरीफॉसचंही तसंच. २०२१ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टानं खात्याला ६० दिवसांत निर्णय घ्यायला लावलं. खात्यानं खाण्याच्या पिकांवरचा वापर थांबवला. मग बागायतदारांच्या संघटना दुसऱ्या अपील कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये तो आदेश रद्द करून आणला. तिथं खातं मोठं, वकील मोठे, पण फिरण्याची वाट तीच. एक फरक मात्र आहे. तिथं फवारणीत आजारी पडलेल्या मजुराची नोंद करणं कॅलिफोर्नियासारख्या राज्यात डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ती वर्षानुवर्षं होत आलेली आहे.

यवतमाळचा कागद बासेलला

नोंदीची किंमत कळते ती पुढच्या गोष्टीतून. यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींमध्ये काही रुग्णांसमोर कोणतं औषध फवारलं तेही लिहिलेलं होतं. त्यात 'पोलो' हे नाव आलं. ते सिंजेंटा या कंपनीचं उत्पादन, आणि कंपनीचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात. २०२० साली जिल्ह्यातल्या दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी भरपाईसाठी थेट तिथं दाद मागितली. कंपनीनं जबाबदारी नाकारली. निकाल काय लागायचा तो लागो, पण यवतमाळच्या ठाण्यात कुण्या जमादारानं लिहिलेला एक शब्द तिथपर्यंत पोचला. तिथं नुसतं 'विषारी औषध' असं लिहिलं असतं तर ही वाटच उघडली नसती.

म्हणून पहिल्या दिवशी काय करायचं

ग्रामीण रुग्णालयात असो की यवतमाळला, डॉक्टरला औषधाचं पूर्ण नाव सांगा आणि ते केसपेपरवर लिहिलं का ते स्वतः बघा. उपचारासाठीही ते लागतंच, कारण विषानुसार उपचार बदलतो. रिकामी बाटली आणि दुकानाचं बिल फेकू नका. बाटलीचे फोटो काढा, लेबलवरचा बॅच नंबर दिसला पाहिजे.

इथं शेतमजुराची गोष्ट अवघड आहे. औषध मालकानं आणलेलं, बिल मालकाच्या नावाचं, आणि लचांड नको म्हणून मालक गप्प. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात आणि फवारणीची विषबाधा त्यात बसते. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो. पण ती योजना सातबारावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो त्यात येत नाही, आणि पंप पाठीवर बहुधा त्याच्याच असतो. त्याच्यासाठी २०१७ सारखी वेगळी मदत जाहीर व्हायची वाट पाहावी लागते. ती जाहीर झालीच तर त्याचं नाव यादीत येण्यासाठी एमएलसीची नोंद आणि पोलिसांचा पंचनामा एवढेच दोन आधार त्याच्याकडं असतात. पंचनाम्यात कुणाच्या शेतात, कुणाच्या सांगण्यावरून, कोणतं औषध, हे तिन्ही आलं पाहिजे. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दोन माणसांपुढं वाचायला लावा.

मृत्यू झाला तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि व्हिसेराचा रासायनिक अहवाल लागतो. दुसरा यायला महिने जातात. त्यासाठी प्रस्ताव अडवून धरू नका, बाकी कागद मुदतीत देऊन पोच घ्या. प्रस्ताव कुठं अडलाय हे कुणी सांगत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तहसील कार्यालयात किंवा कृषी कार्यालयात देता येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करायचं. अर्जात 'मदत कधी मिळेल' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. 'अमुक तारखेच्या प्रस्तावावर आजपर्यंत कोणत्या अधिकाऱ्यानं काय शेरा मारला, त्याची प्रत द्या' असं लिहा.