तांदूळ सोडला, कोदो धरला, तरी वजन का हलत नाही?

मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडचं निदान झालं आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं की घरात पहिला बळी जातो तो भाताचा. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत हे जास्तच जाणवतं, कारण वरणभात आपला आणि भोवतालचा प्रदेशही भाताचाच. मग तांदळाच्या जागी कोदो हे भरडधान्य येतं, नाहीतर भाताऐवजी दोन पोळ्या वाढतात, आणि पथ्य सुरू झालं असं सगळे धरून चालतात. हा समज अपुरा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतला आहाराविषयीचा भाग 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आहारातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असं त्यात दिसलं. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचं आढळलं नाही. एकूण ऊर्जेपैकी 5 टक्के ऊर्जा कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्यांतून किंवा दुधातल्या प्रथिनांतून घेतली, तर मात्र धोका कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे तिच्यातून कार्यकारणाचा पक्का निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तिचा कल शरीरशास्त्राला धरून आहे. कोदोत तंतू जास्त, त्याने पोट लवकर भरतं, म्हणून तो जरूर खावा. पण ताटभर कोदो म्हणजे ताटभर पिष्टच. बदलायचं आहे ते ताटातलं प्रमाण. भात निम्मा करावा, वरण पातळ न ठेवता घट्ट करावं, जोडीला मटकीची उसळ, दही किंवा अंडं आणि भरपूर भाजी असावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

दुसरा गैरसमज वजनकाट्याचा, आणि तो मला अधिक घातक वाटतो. काटा खाली आला नाही म्हणजे सगळं वाया गेलं, असं समजून माणसं महिन्याभरात व्यायाम सोडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडची अंगकाठी अशी आहे: स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात साठलेली. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 पासूनच वजन जास्त मानतात, आणि कंबर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या बाबतीत फार बोलका आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालणं यांचं मार्गदर्शन मिळालं, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 39.3 टक्के राहिलं, मार्गदर्शन न मिळालेल्यांत ते 55 टक्के होतं, आणि वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

यावर कुणी ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ प्रयोगाकडे बोट दाखवील. तिथे 46 टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला, आणि 15 किलो किंवा अधिक वजन उतरवणाऱ्यांत हेच प्रमाण 86 टक्के होतं. मग वजन हेच खरं नाही का? ज्यांच्या अंगावर उतरवण्याजोगं वजन आहे, त्यांच्यासाठी ते मोलाचं आहेच. पण त्या रुग्णांना मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नव्हता, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि दिवसाला सुमारे 850 कॅलरींचा आहार सुरू करतानाच त्यांची मधुमेहाची व रक्तदाबाची औषधं देखरेखीखाली थांबवली होती. तेवढं वाचून एखाद्याने घरी उपास धरला आणि ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखंच घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन तो कोसळू शकतो. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मराठी घरांत बरीच पसरली आहे, तिलाही हाच धोका लागू आहे. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्याकडे ते आधीच तुटपुंजे असतात.

म्हणून घरच्या व्यायामाला मी आहाराइतकंच महत्त्व देतो. तात्यापारा ते शारदा चौक हा गर्दीचा रस्ता आणि रायपूरचा मे महिना पाहता, रोज बाहेर चालायला जाण्याचा सल्ला देणं सोपं, पाळणं कठीण. घरी व्यायाम करतानाही दोन भ्रम टाळावेत: घाम गाळल्याने चरबी वितळत नाही, पाणी जातं. पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाची चरबी उतरत नाही. त्यापेक्षा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणं, हे आठवड्यातून किमान दोन दिवस केलं की स्नायूंना काम मिळतं. जोडीला जेवणानंतर घरातल्या घरात 10 मिनिटं चालावं. न्यूझीलंडमधल्या 2016 च्या एका प्रयोगात मधुमेहींनी दिवसाकाठी एकदम अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं चालून पाहिलं, तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली. साठीनंतर स्नायू कुठले वाढणार, असं विचारणाऱ्यांनी 1990 चा बॉस्टनचा प्रयोग पाहावा: नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांत सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणंही उलटं पडतं. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. जोर लावताना मात्र श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो. आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर घरातही चपला घालाव्यात.

थायरॉइडमुळे वजन उतरणारच नाही, हा समजही सोडून द्यावा. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलोच असतं, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं. गोळी उपाशीपोटी, लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवून घेतली की पुढचा मार्ग इतरांसारखाच. तेव्हा या आठवड्यात काट्याआधी टेपने कंबर मोजा, आणि भात कमी करण्यापूर्वी आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. जेवण बदलताना कोणती गोळी किती कमी करायची, हे त्यांनीच ठरवायचं आहे.