गवत कापणारी गाडी चढावर का थांबते?

अमेरिकेत घराभोवती मोठी हिरवळ राखण्याची रीत आहे. ती कापण्यासाठी तेथे एक लहानशी चारचाकी गाडी वापरतात. माणूस वर बसतो आणि गाडीच्या पोटाखाली पाती फिरतात. 1960 नंतरच्या दशकात यांतील काही गाड्यांत तेलाच्या दाबाने चाके फिरवण्याची सोय आली. 1968 सालची ‘जॉन डियर 140’ ही त्यांपैकीच एक. त्या काळच्या कित्येक गाड्या हौशी लोकांनी अजून चालत्या ठेवल्या आहेत. त्यांची एक ठरावीक तक्रार असते. सकाळी गाडी झकास चालते, अर्ध्या तासाने रेंगाळू लागते आणि चढ आला की थांबते. गंमत अशी, की इंजिन मात्र जोरात चालूच असते! मग त्याची शक्ती जाते कोठे?

या गाडीत इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, ते तेल एका मोटरीला फिरवते आणि मोटर चाकांना. (ही मोटर विजेची नव्हे बरे का, तेलाची!) पंपात लहान लहान दट्टे गोलाकार मांडलेले असतात. त्यांची टोके एका कलत्या चकतीवर टेकून फिरतात. चकती जितकी कलती, तितके दट्टे अधिक आतबाहेर होतात आणि तेल जास्त ढकलले जाते. चकती सरळ केली की दट्टे नुसतेच फिरतात आणि गाडी उभी राहते. उलट बाजूला कलवली की गाडी मागे जाते. क्लच नको, गिअर बदलणे नको. एका दांड्यावर काम भागते. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर दिसणाऱ्या अनेक आधुनिक रोलरांतही हीच योजना असते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. पण येथे त्याचा उपयोग व्हायचा, तर द्रव दबता कामा नये आणि वाटेत निसटताही कामा नये. गाडीची बहुतेक दुखणी या दोन अटींपैकी एक मोडल्यामुळे होतात.

पहिली अट घरीच तपासा. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या पाण्याने भरून रबरी नळीने जोडा. एकीचा दट्टा दाबताच दुसरीचा तितकाच वर येईल. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या आणि दुसरा दट्टा बोटाने रोखून धरा. तुमचा जोर बुडबुडा दाबण्यातच खर्च होईल! तेलावर 100 वातावरणांचा दाब दिला, तरी त्याचे आकारमान शंभरात एका भागानेही घटत नाही. तेवढ्या दाबाखाली हवा मात्र, तापमान तेच राहिले तर, शंभराव्या भागात मावते. म्हणून टाकीतील तेल कमी होऊन पंपाने हवा ओढली, की गाडी धक्के देते, कुरकुरते आणि तेल फेसाळ, दुधी दिसते.

दुसरी अट अधिक फसवी आहे. दट्टा आणि त्याचे घर यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट असते. तीतून थोडे तेल निसटतेच, आणि वंगणासाठी ते निसटायलाही हवे. पण ही गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झिजून फट दुप्पट झाली, तर गळती आठपट! शिवाय तेल तापले की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यातला चिकटपणा, घटते. 30 क्रमांकाच्या इंजिन तेलाची श्यानता 40 अंश सेल्सिअसला जितकी असते, तिच्या जवळजवळ दहावा भागच 100 अंशांना उरतो. काकवी गरम केली की कशी सरसर ओघळते, तसेच हे. चढावर दाब वाढतो, त्याबरोबर गळतीही वाढते, आणि चाकांपर्यंत पोचायचे तेल आतल्या आत परत फिरते. गळतीत गेलेली शक्ती तेलालाच आणखी तापवते.

आता तुम्हीच निदान करा. गाडी थंड असतानाही तितकीच दुबळी असेल, तर श्यानतेला दोष देता येत नाही. तेव्हा पट्टा घसरतो का, चकतीचा दांडा नीट हलतो का, हे पाहावे. बंद गाडी हाताने ढकलता यावी म्हणून तेल परस्पर वळवणारी एक झडप असते, तीही अर्धवट उघडी राहिली नाही ना, हे पाहावे. गाडी फक्त तापल्यावरच थकत असेल, तर आधी तेलाची पातळी बघावी. मग पंपावरचा पंखा आणि घराच्या बाहेरील पातळ पट्ट्या बघाव्यात. त्यांच्यावर वाळके गवत आणि तेलकट धूळ यांचा थर बसला, की उष्णता बाहेर पडतच नाही. हे न पाहता सरळ पंप बदलायला निघणारा कारागीर मला तरी कारागीर वाटत नाही. मात्र गळती बोटाने कधीही चाचपू नये! दाबाखालचे तेल सूक्ष्म छिद्रातून निघाले, तर कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावे, आणि तेही मोठ्या माणसांनी.

एवढे करूनही गाडी थांबलीच, तर पंप झिजला असे समजावे. काही जण अशा वेळी जाड तेल घालून वेळ मारून नेतात. उन्हाळ्यात ते जमतेही. पण थंडीतल्या सकाळी तेच तेल इतके घट्ट होते, की पंपाला ते पुरेसे ओढता येत नाही. मग तेलात पोकळ्या निर्माण होऊन फुटू लागतात आणि उरलासुरला पंपही लवकर झिजतो.