किक मारून पाय दुखला, गाडी चालू होईना? मेस्त्रीकडे ढकलत नेण्याआधी हे बघा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या पोराला विंचू चावला. त्याचे वडील पळत आले, "दादा, गाडी काढा लवकर." माझी जुनी स्प्लेंडर दारातच उभी होती. किक मारली, परत मारली, वीस-पंचवीस किका झाल्या. गाडी नुसती भुक्क करायची आणि गप्प. शेवटी वरच्या आळीतून दुसऱ्याची गाडी मागून आणली आणि पोराला ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोरगं बरं झालं, पण ती वीस मिनिटं मी अजून विसरलो नाही. सकाळी कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं, तर तळाला पाण्याचे गोळे. टाकीच्या झाकणाचा रबर झिजला होता, त्यातून पावसाचं पाणी आत जात होतं. बिघाड एवढाच. मला माहिती असतं तर रात्रीच पाच मिनिटांत काम झालं असतं.

म्हणून हे लिहितोय. मी काही मेस्त्री नाही. पण पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी वापरून आणि गॅरेजवर बसून जे कळलं ते सांगतो.

आधी एक लक्षात घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला, तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्या गाड्यांत घरी हात घालू नका. हा लेख त्याच्या आधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. स्प्लेंडर १९९४ साली आली, तेव्हापासूनच्या स्प्लेंडर, पॅशन, सीडी-१००, प्लॅटिना, डिस्कव्हर आजही गावागावांत चालू आहेत. दुधाचे कॅन, खताची पोती, वैरणीचे भारे सगळं त्यांच्यावरच.

आणि दुसरं, पेट्रोलचं काम सावलीत पण उघड्यावर करायचं. इंजिन गार पाहिजे. तोंडात बिडी-सिगारेट नको, जवळ चूल पेटलेली नको. रात्री असेल तर बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड घ्या, कंदील किंवा काडी नाही. हे सगळ्यांना माहिती असतं आणि तरीही माणसं काडी पेटवून टाकीत डोकावतात.

आता गाडी चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? इंजिनला पेटायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, करंट आणि हवा, तीही दाबून भरलेली. यातली एक जरी कमी पडली तरी किक वाया जाते. आपल्याला फक्त कोणती कमी पडली एवढं शोधायचं आहे. माणसं काय करतात, तर एकदम कार्ब्युरेटर खोलतात. तो सगळ्यात शेवटी खोलायचा.

सुरुवात हसण्यासारख्या गोष्टींपासून करा. चावी पूर्ण फिरली का? हँडलवर लाल बटण असेल तर ते कुणी पोराने दाबून ठेवलंय का? कॉक चालू आहे का? आमच्या गावात एक जण गाडी अर्धा किलोमीटर ढकलत गॅरेजला घेऊन गेला आणि मेस्त्रीने फक्त कॉक फिरवला. कॉकची आणखी एक गंमत असते. काल पेट्रोल संपत आल्यावर रिझर्व्हला लावला, मग पेट्रोल भरलं, पण कॉक परत 'ऑन'ला आणायचं विसरलो. पुढच्या वेळी रिझर्व्हची सूचना मिळतच नाही, टाकी थेट कोरडी होते. म्हणून झाकण उघडून, गाडी हलवून पेट्रोल आहे का ते बघा. काटा असला तरी जुन्या गाडीच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही.

चोकचंही तसंच. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलेटर न पिळता दोन-तीन किका मारायच्या, गाडी लागली की मिनिटभराने चोक बंद करायचा. उन्हाळ्यात दुपारी किंवा आत्ताच चालून आलेल्या गाडीला चोक देऊ नका. नाहीतर पेट्रोल जास्त जातं, प्लग भिजतो आणि मग गाडी अजिबात लागत नाही. याला आपण 'ओव्हर झाली' म्हणतो. तशी झाली असेल तर पेट्रोलचा वास येतो. तेव्हा चोक बंद करा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि आठ-दहा किका मारा. जास्तीचं पेट्रोल बाहेर जाऊन बऱ्याचदा गाडी लागते. नाही लागली तर प्लग काढून पुसून वाळवा.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर पेट्रोल उतरतंय का ते बघायचं. कॉकपासून कार्ब्युरेटरला येणारी नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढा, तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक चालू करा. चांगली सलग धार पडली पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल किंवा धार सुरू होऊन हळूहळू बारीक होत असेल तर लगेच टाकीचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार वाढली? मग दोष झाकणातच आहे.

यावर जरा थांबतो, कारण यात माझे पैसे गेलेत. टाकीतून पेट्रोल खाली यायचं तर वरून तेवढी हवा आत गेली पाहिजे. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती धुळीने किंवा चिखलाने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल थांबतं. गाडी घरून मस्त निघते, चार-पाच किलोमीटरवर झटके मारून बंद पडते, दहा मिनिटं उभी केली की परत लागते. माझी गाडी महिनाभर असंच करत होती. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, कार्ब्युरेटर गेला. नवीन बसवला. तिसऱ्या दिवशी गाडी परत त्याच वळणावर बंद. रागाने पेट्रोल बघायला झाकण उघडलं तर आतून 'फुस्स' आवाज आला. झाकण साफ केलं, बिघाड संपला. जुना कार्ब्युरेटर अजून माझ्या कोठीत पडून आहे, अगदी चांगला. त्यामुळे चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचं झाकण आधी उघडून बघा, खर्च शून्य.

झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी किंवा कप चोंदलाय. बऱ्याच कॉकच्या खाली छोटा कप असतो, त्यात गंज आणि गाळ बसतो. कॉक बंद करून कप सोडायचा, पेट्रोलने धुवायचा, रबरी रिंग नीट बसवून परत लावायचा. तांबूस गाळ निघत असेल तर टाकी आतून गंजतेय. अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने उभी ठेवली की गंज लवकर धरतो.

आता पाण्याचं. बाटलीत घेतलेलं पेट्रोल दहा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं आणि मधे रेघ दिसते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसापासून आणि मक्यापासून बनतं, त्यामुळे शेतकरी म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये मिसळून जातं, दिसतही नाही. पाणी एका मर्यादेच्या पुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात, आणि कॉकचं तोंड नेमकं टाकीच्या तळाजवळ. मग इंजिनला पेट्रोलच्या जागी तेच मिळतं. म्हणून पूर्वी दोन थेंब पाण्याने काही होत नव्हतं म्हणून आता होणार नाही असं समजू नका. पावसाळ्यात गाडी उघड्यावर असेल तर टाकीवर प्लास्टिकचा कागद टाका, झाकणाचा रबर तपासा, पाइपने गाडी धुताना झाकणावर धार मारू नका.

पाणी सापडलं तर नुसता कार्ब्युरेटर रिकामा करून भागत नाही. कार्ब्युरेटरच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो, तो थोडा सैल केला की वाटीतलं पेट्रोल बारीक नळीतून खाली येतं. ते काढाच. पण टाकीच्या तळाला पाणी तसंच राहिलं तर उद्या परत तेच. टाकीतलंही पूर्ण उतरवा. ते पेट्रोल परत गाडीत ओतू नका आणि विहिरीच्या बाजूला किंवा गटारातही टाकू नका. पंपावरच शंका असेल तर तिथे फिल्टर पेपर मागा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की तो उडून जायला हवा, डाग राहिला तर भेसळीचा संशय. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागता येतं. तो ग्राहकाचा हक्क आहे, लाजायचं कारण नाही.

पेट्रोल नीट उतरतंय, मग करंट. प्लगवरची टोपी काढा, प्लगभोवतीची माती फुंकून घ्या, नाहीतर ती आत पडते. मग प्लग पान्याने प्लग सोडा. प्लगचं तोंड बघितलं की निम्मी गोष्ट कळते. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर, तेलकट काळा असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल तर ऑइल वर येतंय, ते मेस्त्रीचं काम. किक मारूनही प्लग ठणठणीत कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही, परत मागे जा.

प्लग टोपीत खोचा, रबरी टोपीला धरून त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब धरा आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको, भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी पिवळट किंवा नाहीच, तर आधी दुसरा प्लग लावून बघा. प्लग शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतो, एक जास्तीचा डिकीत ठेवाच. नव्या प्लगनेही ठिणगी नाही तर टोपी बघा. पावसात टोपीत पाणी शिरतं, ती पुसून वाळवली की काम होतं. उंदराने वायर कुरतडलीय का तेही बघा, कडब्याच्या गंजीजवळ उभ्या गाडीला हे हमखास होतं. त्याच्या पुढे कॉइल, सीडीआय. तिथे अंदाजाने सामान बदलत बसू नका.

बटण स्टार्ट असेल आणि नुसतं टक-टक वाजत असेल तर बॅटरी उतरलीय. जुन्या बऱ्याच गाड्या अशा वेळी किकवर लागतात, म्हणून किक जाम झाली असेल तर वेळेत दुरुस्त करा.

हवेचं थोडक्यात सांगतो. सोयाबीनच्या मळणीनंतर एअर फिल्टर बघा, भुसा आणि धूळ गच्च बसलेली असते. कागदी फिल्टर झटकायचा किंवा बदलायचा, तो धुवायचा नसतो. कुंभारीण माशी उघड्या नळीत मातीचं घर करते, उंदीर फिल्टरच्या डब्यात चिंध्या भरतात. हे सांगून खरं वाटत नाही, पण डबा उघडल्यावर दिसतं.

इतकं सगळं ठीक असेल तरच कार्ब्युरेटर. चोक ओढला की गाडी चालते, बंद केला की मरते, किंवा रेस दिली तर चालते आणि सिग्नलला उभी केली की बंद, अशी लक्षणं असतील तर स्लो जेट चोंदलेला असतो. जेटच्या भोकात तार किंवा सुई घालू नका. ते पितळेचं असतं, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज कायमचं गेलं. हवेच्या प्रेशरने फुंकून घ्या. हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो किती फेरे फिरवला की पूर्ण बसतो ते मोजून कागदावर लिहा, बसवताना तेवढाच सोडा. खालच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई अडकली असेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच दोन टिचक्या मारा, बऱ्याचदा सुटते. नाही सुटली तर कॉक बंद करून मेस्त्री गाठा, गळती गाडी घरात लावू नका.

किक एकदम हलकी, पाय टाकला की खाली जातेय, तर कॉम्प्रेशन गेलं. वॉल्व्ह किंवा रिंगांचं काम निघतं. त्यात घरी करण्यासारखं काही नाही, उगीच ढकलून क्लच जाळू नका.

ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेरगावी जाणार असाल आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर जायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटीतलं पेट्रोल संपतं, जेटमध्ये चिकटा धरत नाही.

माझ्या डिकीत आता प्लग पाना, एक प्लग, स्क्रूड्रायव्हर, फडकं आणि वीतभर नळी असते. झाकणाचा नवीन रबर त्याच आठवड्यात बसवला.