पावसाळ्यात जलतरण तलावाची पातळी उतरवताना

घरच्या जलतरण तलावात पाणी किती असावे, हे स्किमर ठरवतो. काठाच्या जरा खाली भिंतीत असलेले हे चौकोनी तोंड पृष्ठभागावरची पाने, किडे आणि तेलकट थर ओढून घेते. पाणी या तोंडाच्या साधारण निम्म्यापर्यंत असले की ओढ चांगली राहते. पातळी फार खाली गेली तर पंप पाण्याबरोबर हवा खेचू लागतो. फार वर चढली तर स्किमरची झडप पाण्यात बुडून निकामी होते आणि कचरा तलावातच फिरत राहतो. अलिबाग, कर्जत, लोणावळा किंवा गोव्यातल्या बंगल्यांच्या तलावांत जून ते सप्टेंबर हा दुसरा त्रास वारंवार होतो.

एक मिलिमीटर पाऊस तलावाची पातळी एक मिलिमीटरने वाढवतो. भोवतालच्या फरशीवरून वाहत येणारे पाणी त्यात आणखी भर घालते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५,००० लिटर पाणी मावते. पातळीतला एक सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस कोकणाला नवा नाही, आणि तेवढ्याने या तलावात ५,००० लिटरची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसात नुसते आभाळातून पडलेले पाणीच ४७,००० लिटर भरले असते.

हे पाणी काढण्याची सोय बहुतेक तलावांच्या पंपघरात आधीच असते. वाळूच्या फिल्टरवर बसवलेल्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ 'वेस्ट'वर आणली की पाणी फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर जाते. मूठ फिरवण्याआधी पंप बंद करणे आवश्यक आहे. चालू पंपाच्या दाबाखाली व्हॉल्व्हच्या आतली रबरी सील फाटते. फिल्टर तुंबला असेल तर आधी 'बॅकवॉश' करावा. तेवढेच पाणी उतरते आणि वाळूही धुऊन निघते. पातळी स्किमरच्या खाली न्यायची असल्यास स्किमरची वाट बंद करून तळाच्या जाळीतून, म्हणजे मेन ड्रेनमधून, पाणी घ्यावे लागते. ताशी १०,००० लिटर ओढणारा पंप १० सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासात काढतो.

पंप चालू असताना पाण्यात कोणीही, विशेषतः मुले, असता कामा नये. तळाच्या एकाच जाळीवर अंग टेकले किंवा तिच्यात केस अडकले तर ओढीतून सुटणे मोठ्या माणसालाही कठीण जाते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या सात वर्षांच्या नातीचा २००२ मध्ये अशाच ओढीत सापडून मृत्यू झाला. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे जो कायदा झाला, त्याने सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या बंधनकारक केल्या. भारतातल्या खासगी तलावांतही तशा जाळ्या असाव्यात, आणि एकीऐवजी एकमेकींपासून दूर दोन असाव्यात. पंपघरातल्या पंपाऐवजी पाण्यात बुडवायचा सबमर्सिबल पंप वापरल्यास त्याच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच.

वीज नसेल तर साधी नळीही काम करते. नळी पूर्ण पाण्याने भरायची, एक टोक तलावात बुडवायचे आणि दुसरे तलावाच्या पाण्यापेक्षा खालच्या जमिनीवर सोडायचे. याला वक्रनलिका म्हणतात. पाण्याचा वेग नळी काठावरून किती उंच जाते यावर ठरत नाही. तलावाची पातळी आणि नळीचे खालचे तोंड यांच्या उंचीतल्या फरकावर ठरतो. हा फरक एक मीटर, नळी अडीच सेंटिमीटर व्यासाची आणि १५ मीटर लांब असेल, तर घर्षण धरून ताशी सुमारे दोन हजार लिटर पाणी जाते. म्हणजे १० सेंटिमीटर उतरायला अडीच तास. उतारावरच्या बंगल्यांना ही पद्धत फार सोयीची आहे. सपाट अंगणात मात्र ती चालत नाही.

पाणी किती काढावे, हा प्रश्न ते कसे काढावे यापेक्षा महत्त्वाचा आहे. काही सेंटिमीटर उतरवणे निर्धोक असते. भर पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करणे धोक्याचे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी जवळजवळ काठापर्यंत भरतात, आणि तेच भूजल तलावाच्या तळाखालीही चढलेले असते. अशा जमिनीत रिकामा तलाव होडीसारखा वागतो. वर सांगितलेल्या मापाच्या तलावाची काँक्रिटची पेटी २० सेंटिमीटर जाड धरली तर तिचे वजन साधारण ४५ टन भरते. भूजल तिच्या बुडापासून एक मीटर वर आले की आर्किमिडीजच्या नियमाने खालून ५० टनांहून अधिक जोर लागतो. आतले ७५ टन पाणी हा जोर सहज दाबून धरते. ते काढले की पेटी उचलली जाते, फरशी फुगते, भिंतीला तडे जातात आणि नळजोड तुटतात. फायबरग्लासचे तलाव हलके असल्याने त्यांना हा धोका आणखी मोठा.

काही तलावांच्या तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. बाहेरचा दाब वाढला की तो उघडून भूजल आत घेतो. पण गाळाने तो अडकू शकतो, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर तलाव उपसणे शहाणपणाचे नाही. तलावाशेजारी उभा पुरलेला, भोके पाडलेला पीव्हीसी पाइप भूजलाची पातळी सरळ दाखवतो. जवळ विहीर असेल तर तिचे पाणीही बरीच कल्पना देते. पूर्ण उपसण्यासाठी भूजल खाली गेलेला काळ, म्हणजे साधारण उन्हाळा, योग्य ठरतो. पण उघड्या पडलेल्या टाइल्स उन्हात तडकतात. शिवाय गावाला टँकर लागण्याच्या दिवसांत ७५,००० लिटर पाणी ओतून पुन्हा तेवढेच भरणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तलाव उपसावासा वाटतो तो बहुधा पाणी 'जुने' झाल्यामुळे. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मागे राहतात. क्लोरीनच्या स्थिर केलेल्या गोळ्यांमधून सायन्युरिक आम्लही साचत जाते. ते लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम असेल तर क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण १०० च्या पुढे क्लोरीनचा जंतुनाशक प्रभाव फार मंद करते. ते काढण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे पाणी बदलणे, आणि पाऊस ते काम फुकट करतो. जोराचा पाऊस अपेक्षित असताना आधीच १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण पाण्याचा दहावा भाग, उतरवावा आणि ती जागा पावसाला भरू द्यावी. सात वेळा असे केले की जुन्या पाण्यातले आम्ल आणि क्षार निम्म्याहून खाली येतात. त्यासाठी एकूण १०५ सेंटिमीटर पाऊस लागतो, जो कोकणात अर्ध्या मोसमातच पडतो. या साऱ्या काळात तलाव जवळजवळ भरलेलाच राहतो. पाणी तळाच्या जाळीतून काढणे इथे फायद्याचे, कारण पावसाचे पाणी हलके असल्याने, विशेषतः खारवलेल्या तलावात, काही काळ वरच तरंगते. काठावरून वाहू दिले तर नेमके तेच वाया जाते.

काढलेले पाणी तलावाच्या पायाशी मुरू देऊ नये. ते भूजलातच भर घालते. ओढ्यात किंवा तळ्यात सोडलेला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी मोकळ्या जमिनीवर पसरून सावकाश सोडले तर मातीतले सेंद्रिय द्रव्य क्लोरीनला संपवते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरता येते. सेप्टिक टँकमध्ये हे पाणी मुळीच सोडू नये. मीठ घातलेल्या तलावाच्या पाण्यात लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ असते, म्हणून ते झाडांपासूनही दूर ठेवावे.

पातळी स्किमरच्या मध्यावर आली की पंप बंद करून मूठ परत 'फिल्टर'वर आणायची. नव्या पावसाने क्लोरीन, क्षारता आणि मिठाच्या तलावातले मीठही विरळ झालेले असते. त्यामुळे पाणी काही तास फिरवून मगच चाचणी घ्यावी आणि कमी पडेल तेवढेच घालावे.