उसना मजकूर

आकुर्डी-निगडीकडील अभियांत्रिकीचा विद्यार्थी चाकणच्या कारखान्यातील उमेदवारी संपवून आपले ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्प-अहवाल, बांधावयास झेरॉक्सच्या दुकानी नेतो, तेव्हा दहा टक्क्यांपर्यंतचा उसना मजकूर सरकारदरबारी माफ असतो, अशी त्याची ठाम समजूत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचे हे अर्धवट वाचन होय. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते, ६० पर्यंत ते सादर करण्यास वर्षभर मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते, हे खरे; परंतु हे विनियम पदव्युत्तर व संशोधन-पदवीचे प्रबंध आणि प्रसिद्ध होणारे लेखन यांपुरते असून प्रकल्प-अहवाल त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत, तेव्हा ज्या सवलतीवर हा विद्यार्थी विसंबतो ती त्याच्या नावे कधी मंजूरच झालेली नव्हती. शिवाय संगणक मोजतो ते केवळ शब्दांचे साम्य; दोनशे पानांत दडविलेला एक परका परिच्छेद एक टक्काही भरत नाही, म्हणून तो आपला होत नाही.

शब्द बदलले, किंवा इंग्रजीचे मराठी केले, की ऋण फिटले, ही दुसरी समजूत. आकडे, आकृती आणि युक्तिवाद ज्याचे, श्रेय त्याचेच राहते. शेवटी लांबलचक संदर्भसूची जोडूनही भागत नाही. कोणते विधान कोठून आले, हे त्या त्या ठिकाणीच वाचकास कळावे लागते.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्काची मुदत सरते, म्हणून जुन्या ग्रंथाचा नामनिर्देश अनावश्यक, असेही काहीजण मानतात. अशा ग्रंथाची प्रत कोणीही छापावी. त्यातील विचार स्वतःचा म्हणून मिरविण्याचा परवाना त्यायोगे मिळत नाही. आकुर्डी-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यास लागूनच असलेल्या आळंदीत ज्यांची समाधी आहे, त्या ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या अखेरीस व्यासांचे व भाष्यकारांचे ऋण नमूद केले आहे, आणि त्यांना तर कोणत्याही आयोगाची धास्ती नव्हती.

संदर्भ फार दिले तर आपले असे काय उरणार, ही शंका मात्र प्रामाणिक असते. चाकणला जुळणी होणाऱ्या मोटारीत भोसरीच्या लहानमोठ्या शेडांतून आलेले कितीतरी सुटे भाग बसतात. त्यांचा पार्ट नंबर, बॅच आणि पुरवठादार यांची दप्तरी नोंद असते, जेणेकरून दोष निघाल्यास माग थेट मूळ यंत्रापर्यंत काढता यावा. आणि मोटार विकली जाते ती जुळणी करणाऱ्याच्याच नावाने.