रस्त्याचा वरचा मजला

वाहतुकीचा प्रश्न पडला की ठाणे एक मजला चढवते. स्टेशनाबाहेर पश्चिमेला २००९ मध्ये 'सॅटिस' हा पूल उभा राहिला : वर महापालिकेच्या टीएमटी बसगाड्या, खाली रिक्षा. पुढे एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाने शहरात तीन उड्डाणपूल बांधले, त्यांतला एक नौपाड्यात. तीन हात नाक्यावर मेट्रो ४ चे खांब आले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, खर्च १२,२०० कोटी. त्यांत भूमिगत स्थानके दोनच, बाकी सगळी वरच. ज्याला नुसते घरून स्टेशनपर्यंत चालत जायचे आहे, त्याच्या वाट्याला मात्र जमीनच आहे.

ती जमीन कशी आहे ते घंटाळी देवळापासून स्टेशनकडे निघाल्यावर कळते. दुकानाच्या दोन पायऱ्या फुटपाथवर उतरलेल्या. त्यांना खेटून साइड स्टँडवर स्कूटर. पुढे विजेचा डीपी, त्याच्या आडोशाला कपड्याच्या दुकानाचा साडी नेसवलेला पुतळा, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. भाजीची पिशवी घेतलेल्या आजी इथे निमूट खाली रस्त्यावर उतरतात आणि मागून रिक्षावाला हॉर्न मारतो. गाड्यांना जागा हवी म्हणून गावदेवी मैदानाच्या पोटात भूमिगत वाहनतळ झाला, तरी राम मारुती रोडच्या कडेला गाड्या आहेतच. फुकटात दाराशी लावता येते तोवर पैसे देऊन खाली कोण उतरवील?

या शहरात दाद मागणारे कमी नाहीत. पण कोणासाठी मागितली जाते, हे बघण्यासारखे आहे. रेल्वेचेच घ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. आज कसारा-कर्जतपर्यंत प्रवासी संघटना आहेत आणि त्यांना वजनही आहे. रोज त्याच लोकलच्या त्याच डब्यात तीच माणसे भेटतात, भजन म्हणतात, डबा वाटून खातात. त्यातूनच निवेदनावर सह्या होतात. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या, तेव्हा कळवा-बदलापूरचे प्रवासी आंदोलनात उतरले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरी ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दार बंद झाले म्हणून आतली माणसे कमी होत नाहीत, हे डोंबिवलीकराला कोणी समजावायला नको.

बसच्या प्रवाशाची संघटना कुठे दिसते? टीएमटी १९८९ पासून धावते आहे. बस आली नाही की वैतागलेला माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ज्याची तक्रार सर्वांत तिखट, तोच आधी थांबा सोडतो. मग ओरडणार कोण? माझ्या मते ठाण्याच्या वाहतूक धोरणातले सर्वांत मोठे भोक हेच आहे, आणि ते उड्डाणपुलाने बुजत नाही.

पायी चालणाऱ्याच्या वाट्याला कोर्ट आले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिची चर्चा झाली ती आवाजामुळे, डीजेमुळे. पण तिचा अर्धा भाग रस्त्याचा होता. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ च्या निकालात रस्ता अडवणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नका, असे बजावले. सण कुठल्याही धर्माचा असो, रस्ता चालणाऱ्याचा आणि वाहनांचा. त्याआधी मे २०१५ मध्ये त्यांच्याच खंडपीठाने चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला होता. तरीही २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी माणसे मारली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मृत्यूसाठी सहा लाखांची भरपाई ठरवून दिली. हक्क कागदावर आला, पाठोपाठ त्याची किंमतही. डांबर मात्र तेच.

फेरीवाल्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. तिचे खापर फेरीवाल्यांवर फोडत महिन्याभरात मनसेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे स्टेशनाबाहेरचे ठेले उधळले आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने स्टेशनापासून दीडशे मीटरपर्यंत फेरीवाले नकोत असे सांगितले. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी पाहणी करा, समिती नेमा, जागा आखून द्या. ते किचकट काम. ठेले उलथवणे सोपे, आणि फोटोही चांगला येतो. घरी जाताना कोथिंबीर आपण त्याच ठेल्यावरून घेतो, तो भाग वेगळा.

रस्ता अडण्याचीही एक गंमत आहे. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोड तरुणांनी असा भरून जातो की गाडीचे चाकही फिरत नाही. गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. वाहतूक वळवली जाते, पोलीस उभे राहतात, शहर काही कोलमडत नाही. मग महिन्यातल्या एका रविवारी हाच रस्ता चालणाऱ्यांना का देऊ नये? व्यापारी कुरकुरतील, पण दिवाळीत दुकानासमोर माणसे असली की गल्ला भरतो हे त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

वर्तुळाकार मेट्रोच्या दोन भूमिगत स्थानकांतले एक ठाणे स्टेशनापाशी आहे. जमिनीखालून वर येणारी गर्दी कोणत्या फुटपाथवर उतरणार, तो किती रुंद, रिक्षा कुठे उभ्या राहणार, टीएमटीचा थांबा किती पावलांवर, हे सगळे आराखड्याच्या कागदावर ठरते. मेट्रो २०२९ पर्यंत व्हायची आहे. प्रवासी संघटनांनी पुढचे निवेदन लोकलच्या वेळापत्रकाचे न देता या स्थानकाच्या जिन्यांच्या तोंडाचे द्यावे आणि महापालिकेने त्याचा नकाशा नौपाड्यातल्या प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावा.